एकशे वीस दिवसांची पिवळी पाटी

लातूरचा सर्व्हर मी नांदेडात सोफ्यावर बसून चालवू शकतो, असं मी त्या रविवारी सासुरवाडीत सांगितलं. जेवणाआधी सांगितलं. जेवणानंतर विचारलं असतं, तर गप्प बसलो असतो.

मी दयानंद. लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळतो. आमची गावोगावची केंद्रं रिमोट डेस्कटॉपवरून लातूरच्या सर्व्हरला जोडलेली असतात आणि रिपोर्ट तिथूनच काढतात. हे सगळं मी सासऱ्यांना, म्हणजे रेवणप्पांना, फार रंगवून सांगितलं. तेवढ्यात चाकूर केंद्रावरच्या हुस्नाचा फोन आला.

"सर, सर्व्हर आत घेऊनच नाही राहिला. लायसन्स नाही म्हणतोय. इथं पार्वतम्मा म्हणून पेशंट हाय, मांडीचं हाड मोडलंय. डॉक्टर ऑपरेशनला थांबलेत. रक्ताचा रिपोर्ट पाहिजे."

"पाच मिनिटं," मी म्हणालो आणि फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला. घरातल्यांना ऐकू जावं म्हणून.

आता खरं सांगतो. सर्व्हर नवा बसवला, की रिमोट डेस्कटॉप एकशे वीस दिवस फुकट चालतो. तोवर लायसन्सचा नंबर टाकायचा असतो. माझ्या पडद्यावर रोज एक पिवळी पाटी यायची : इतके दिवस राहिले. मी रोज तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारायचो. एकशे वीस दिवस मारली. लायसन्स आमच्या लॅबच्या प्रमुख लुंबिनी मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आणून दिलं होतं. त्याचं पाकीट लॅबमधल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, डब्याच्या चमच्याखाली पडलेलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला आत जायला एक वेगळी वाट असते. तिथून सर्व्हर दुरुस्त करता येतो, रिपोर्ट काढता येत नाही. तिथून मी आत शिरलो. रेवणप्पा चष्मा लावून शेजारी येऊन बसले.

"हे लातूर?"

"हाव, लातूर."

लायसन्सिंगची सर्व्हिस एकदा बंद करून चालू करावी, म्हटलं. यादीत ती सापडली. तिच्या खालच्या ओळीत, मी ज्यावरून आत आलो होतो, त्या खुद्द रिमोट डेस्कटॉपची सर्व्हिस होती. सासरे बघत होते, माझं बोट जरा ऐटीत होतं. एक ओळ खाली पडलं. खात्री आहे का, असं सर्व्हरनं विचारलं. मी 'होय' दाबलं. पडदा काळा झाला. विहिरीत उतरलेल्या माणसानं वरचा दोर स्वतःच कापून टाकावा, तसं झालं होतं.

"लातूर गेलं का?" रेवणप्पांनी विचारलं.

रविवार असल्यानं लॅब बंद. फरशी पुसायला आलेल्या गंगम्मा तेवढ्या आत. त्यांना फोन लावला, हुस्नालाही त्याच कॉलवर घेतलं.

"गंगम्मा, आतल्या खोलीत काळा डबा हाय. त्याचं बटन दाबून धरा."

"काळे डबे दोन हायत, सायेब."

"मोठा."

"दाबलं. लाइट गेली. पंखा बी गेला."

तो यूपीएस होता. माझ्या बायकोनं, ऋतुजानं, पाण्याचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवला आणि आत गेली.

गंगम्मांनी बटन पुन्हा दाबलं. दहा मिनिटांनी सर्व्हर उठला, पण हुस्नाला अजूनही तेच उत्तर : लायसन्स नाही. ते मिळणार कसं? पाकीट ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात, नांदेडला.

"सर, डॉक्टर विचारून राहिले," हुस्ना म्हणाली. "त्या बाई कळवळून राहिल्यात."

मग गंगम्माच बोलल्या.

"त्या बाईचं नाव काय?"

"पार्वतम्मा."

"मग तिचा कागद हितं तारेला टोचलेला हाय की. लॅबातल्या फरहाननं काल सगळे छापून ठेवलेत. फोटो धाडू का?"

दोन मिनिटांत फोटो चाकूरला पोचला. ऑपरेशन झालं, नीट झालं. मी तोवर लॅपटॉप उघडा ठेवून काळ्या पडद्याकडं बघत बसलो होतो. बंद करायचीही लाज वाटत होती.

"तुमचं काम लई अवघड असतंय, दयानंदराव," रेवणप्पा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हेच वाईट.

सोमवारी लुंबिनी मॅडमसमोर उभा राहिलो. विजेचा लोच्या झाला, असं सुरू केलं, पण त्यांनी नुसतं वर बघितलं आणि मी पाकीट टेबलावर ठेवलं. ते अजून चिकटवलेलंच होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. "पार्वतम्मांना चाकूरला जाऊन भेटून या," एवढंच म्हणाल्या. गेलो. म्हातारीनं मला डॉक्टर समजून हात जोडले. मी कॉम्प्युटरवाला आहे म्हणालो, तर म्हणाली, "मग तुमचेच उपकार. रिपोर्ट लवकर आला."

मी परत आलो, तर लॅबच्या भिंतीवर मॅडमच्या अक्षरात सूचना लागली होती : 'सर्व्हर बंद पडल्यास प्रथम गंगम्मा यांना विचारावे. नंतर दयानंद.' खाली दोघांचे मोबाइल नंबर. माझ्या नंबरातला शेवटचा आकडा चुकलाय.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.