मामांची उलटी झेंडी

आमच्या गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन केडगाव, तेही सायकल दामटली तर पाऊण तासावर. तरीसुद्धा रोज सकाळी सात वाजता आमच्या गावात एक माणूस घराच्या स्लॅबवर चढून झेंडी दाखवायचा. कधी हिरवी, कधी लाल. दोन मिनिटं हात लांब करून ताठ उभा, तोंड नदीकडं. मग ती झेंडी तिथल्याच बांबूला बांधायची, खाली उतरायचं आणि बशीतून चहा ओढायचा.

हे तांबोळी मामा. रेल्वेच्या फाटकावर गेटमन म्हणून सगळी हयात काढलेला माणूस. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, मामा दोन जुन्या झेंड्या घेऊन आले. मामी वारल्या होत्या, एकुलती मुलगी लग्न होऊन गेली होती, तेव्हा घरात मामा, झेंड्या आणि रेल्वेची शिस्त एवढीच मंडळी राहत होती. डेअरीवर दूध घालायला आलेले लोक विचारायचे, "काय मामा, पॅसेंजर गेली का?"

"गेली. राइट टाइम," मामा जराही न हसता सांगायचे.

खरी गंमत पुढंच आहे. ही झेंडी उलटी असायची. गुऱ्हाळांचे दिवस आले की सकाळी आमच्या गावावर धुराचं पांघरूण पडायचं. सगळं गाव खोकतंय, डोळे चोळतंय, आणि मामांची झेंडी हिरवी! याउलट एखाद्या दिवशी वारा फिरावा, आभाळ घासूनपुसून निघावं, लोकांनी छाती भरून श्वास घ्यावा, तर मामांची लाल. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळं शहाणपणाचा मक्ता माझ्याकडं होता. मी सगळ्यांना सांगून टाकलं, "वय झालंय. हिरव्या-लालचा घोळ होतोय त्यांचा." लोक हसले, मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. मामांबद्दल सांगायला बसलं की अशा लाजेच्या जागा पावलोपावली येतात, आणि त्या गाळल्या तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मामांच्या घराच्या चार बाजूंना चार पांढऱ्या ताटल्या टांगलेल्या असायच्या, खोबरेल चोपडलेल्या. संध्याकाळी त्यांवर बोट फिरवायचं, ते किती काळं झालं ते उजेडात धरून बघायचं आणि लाल वहीत लिहायचं. पिवळ्या वहीत कुणी काय जाळलं ते. अमक्याच्या वीटभट्टीला कोळसा, तमक्याच्या रानात पाचट, बापूसाहेबांच्या गुऱ्हाळात जुने टायर. हिरव्या वहीत वारा. झेंडीचं टोक कुठं वळलं, किती फडफडलं, सकाळी दव होतं की नव्हतं. मग तिन्ही वह्या मांडीवर उघड्या टाकून मामा दुसऱ्या दिवसाचा अंदाज बांधायचे. "उद्या सकाळी धूर पलीकडं, शिरूरात."

पलीकडं म्हणजे भीमेच्या त्या काठाला. आम्ही दौंड तालुका, पाणी ओलांडलं की शिरूर तालुका.

"मामा, आपण दौंडवाले. शिरूरच्या धुराचं आपल्याला काय?"

"धुराला तालुका नसतोय, सर."

हे त्यांचं पालुपद. ग्रामसभेत हेच, लग्नाच्या मांडवात हेच. एकदा मयतीलाही, सरण पेटल्यावर, त्यांनी वारा कुणीकडचा आहे ते पाहिलं होतं. नाक तर असं की मला लांबूनच हुंगून म्हणाले, "आज सायकल न्हाई. ट्रॅक्टरवर बसून आलाव, बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावरनं." शंभर टक्के खरं. माझे आजोबा मेंढरं राखायचे, वारा हुंगून मुक्काम हलवायचे. नातू बी.एस्सी. झाला आणि त्याचं नाक सर्दीपुरतं उरलं.

दर आठवड्याला मामांना पलीकडून एक पोस्टकार्ड यायचं. "सोमवार, भांडी काळी. मंगळवार, बरं. बुधवार, वाळत घातलेली चादर काळी." मामा ते लाल वहीत डकवायचे. एकदा मी ते उचलून वाचलं.

"भांडी काळी हे कुठलं माप, मामा? आणि गुरुवार-शुक्रवार नुसतेच कोरे. अपुऱ्या नोंदी शास्त्रात चालत नाहीत."

मामांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. "कोरं बी नोंदच आसती, सर," एवढंच म्हणाले. पलीकडं त्यांचा कुणी रेल्वेतला जुना जोडीदार असेल आणि तोही असाच असेल, असं मी धरून चाललो.

मग एका हिवाळ्यात पुण्याहून हवा तपासणारे लोक आले. शाळेच्या स्लॅबवर त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याएवढं पत्र्याचं यंत्र बसवलं. ते हवा ओढणार, आतल्या कागदावर धूळ साठणार, आणि पंधरा दिवस रोज तो कागद मी बदलणार. सोबत एक फॉर्म होता, गावात कोण काय जाळतं त्याचा. त्यांच्यातल्या मॅडमनी व्हरांड्यात जमलेल्यांना समजावून सांगितलं, "नदीच्या दोन्ही काठांना अशी यंत्रं बसवतोय. यंत्रातली धूळ, फॉर्ममधला धूर आणि कॉम्प्युटरनं मांडलेला वारा, हे तिन्ही एका जागी जुळवायचं. आजवर ज्याची त्याची फाइल वेगळी होती. आता सगळ्या खात्यांसमोर एकच नकाशा असेल. कुणाचा धूर कुणाच्या घरात जातो ते त्यात दिसेल."

मागं उभे असलेले मामा एकदम ओरडले, "म्हंजी माझ्या तीन वह्याच की!"

सगळे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांची जीप निघायच्या बेतात होती. दुसऱ्या दिवशी मामा रेल्वेची खाकी पिशवी घेऊन माझ्या दारात हजर.

"ह्या पुण्याला धाडा."

"मामा, मॅडमना तुम्हीच पत्र टाका की."

"तसं न्हाई चालत. गेटमननं थेट वर बोलायचं नसतंय. निरोप स्टेशन मास्तरकडनं जातोय. आमचे मास्तर तुम्ही."

मी पिशवी घेतली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. वह्यांना चहाचे डाग होते, खोबरेलाचा वास होता, आणि आत ते 'भांडी काळी'. हे पुण्याला गेलं तर आपलं हसं होईल, असं मला वाटलं. 'आपलं' म्हणजे शाळेचं, असं मी मनाला सांगितलं; खरं तर माझंच.

यानंतर आमच्या गावानं जे केलं ते आमचंच गाव करू जाणे. तपासणी म्हटलं की सडा-सारवण आलंच. शिवाय ते दिवस स्वच्छतेच्या स्पर्धांचे, तेव्हा यंत्राचाही नंबर निघणार अशी सगळ्यांची ठाम समजूत झाली. सरपंचांनी शाळेभोवती रोज टँकरनं पाणी मारायला सुरुवात केली. शाळा समितीवरच्या बापूसाहेबांनी गावाच्या इज्जतीसाठी पंधरा दिवस गुऱ्हाळ बंद ठेवलं. वीटभट्टीवाल्यानं भट्टी पेटवायची पुढं ढकलली. आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, यंत्राभोवतीचा स्लॅब ओल्या फडक्यानं पुसून घेतला आणि प्रार्थनेनंतर भाषण ठोकलं, "दोन्ही तालुक्यांत आपलं गाव पहिलं आलं पाहिजे!"

शाळेच्या फाटकातून मामांचा आवाज आला, "आवो, डागदरकडं जाताना ताप घरी ठिवून जायाचा व्हय?"

"मामा, ही शाळा आहे, तुमचं रेल्वेचं फाटक नाही!" मी सगळ्यांदेखत म्हटलं.

शाळा हसली. मामा वळले आणि निघून गेले. मी फॉर्म भरायला घेतला. बापूसाहेबांच्या नावापुढं 'इंधन: उसाचं चिपाड' असं लिहिलं. टायर लिहायला हात धजला नाही.

यंत्र गेलं आणि सोळाव्या दिवशी गुऱ्हाळ पेटलं, टायरसकट.

महिन्याभरानं मॅडमचं पत्र आलं. वाऱ्याचा रोख आणि आसपासची गुऱ्हाळं पाहता तुमच्या गावात जेवढी धूळ सापडायला हवी त्याहून फारच कमी सापडली आहे, तिन्हींचा मेळ बसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. गावात कुणी स्वतःहून नोंदी ठेवल्या असतील तर पाठवा, नाहीतर आलेले आकडे आहेत तसे नकाशात घ्यावे लागतील.

खाकी पिशवी माझ्यापासून चार हातांवर होती. वह्या पाठवल्या तर सडा उघडा पडणार, टायर उघडे पडणार, आणि त्यामागोमाग मी. मी एका ओळीत उत्तर दिलं: 'अशा कोणत्याही नोंदी गावात उपलब्ध नाहीत.' खाली सही, शाळेचा शिक्का. शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत एकदा मारला, तेही आठवतं.

मामा डेअरीवर रोज भेटायचे. रोज एकच प्रश्न, "पुण्याचं काय आलं का, सर?"

"पाठवल्यात मामा. कॉम्प्युटरचं काम, वेळ लागतो."

"व्हय. जंक्शन मोठं आसल," मामा म्हणायचे आणि किटली उचलून चालू लागायचे. एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही प्रश्न चुकवला नाही. पुढंपुढं मी दूध आणायला बायकोला पाठवू लागलो.

असा पुढचा हंगामही सरत आला. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला सुपरवायझर म्हणून माझी नेमणूक नदीपलीकडच्या गावात झाली. पूल ओलांडून सकाळी लवकर पोचलो. सात वाजत आले होते, सायकल दामटून तहान लागली म्हणून काठावरच्या एका घरापुढं सायकल लावली आणि पाणी मागितलं. तिशीतली एक बाई तांब्या घेऊन आली. माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "कोकरे सर ना तुम्ही? अब्बांकडं आले हुते तवा बघितलंय तुमाला. मी रेहाना, तांबोळींची."

मी काही बोलायच्या आत तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. मीही वळलो. पाण्यापल्याड आमचं गाव लख्ख दिसत होतं. मामांचा स्लॅब, त्यावर उभी एक बारकी आकृती, आणि तिच्या हातात लाल झेंडी.

"लाल लागली. आत या सर, खिडक्या लावून घेते."

आम्ही आत गेलो तोवर मागनं धूर आलाच. रबराचा वास मलासुद्धा कळला. रेहानानं फळीवरचा दम्याचा पंप काढून तोंडाला लावला, दोनदा दाबला, मग भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "हिरवी आसली की धूर तुमच्या अंगाला, म्हंजी मी कपडे भाईर टाकायचे, अंगनात बसायचं. लाल दिसली की दारं लावायची. अब्बांची झेंडी कवाच चुकत न्हाई."

फळीवर पंपाशेजारी एक पोस्टकार्ड होतं. सोमवार, भांडी काळी. मंगळवार, काळी. पुढचे तीन दिवस कोरे.

"न्हावऱ्याच्या दवाखान्यात हुते तीन दिस," ती सांगत होती. "अब्बा म्हनत्यात, नाय लिवता आलं तर कोरं सोड, मला कळतंय. जाताना कार्ड न्याल का त्यांला? पन आता बरं व्हईल, सर. आमच्या वह्या तुमी कॉम्प्युटरमदी घातल्या न्हवं? दोन्ही काठ एका नकाशावर आले की टायर बंद व्हतील, अब्बा म्हनत्यात."

तांब्या खाली ठेवला. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते तेव्हाही कळलं नाही.

पेपर संपल्यावर मी सरळ शाळा गाठली, कपाट उघडून पिशवी काढली आणि मामांकडं गेलो. ते ओट्यावर बसून ताटल्या राखेनं घासत होते.

"मामा, वह्या पुण्याला गेल्याच नाहीत. मी पाठवल्या नाहीत. त्यांनी मागितल्या होत्या, मी नाहीत म्हणून लिहिलं."

मामांनी हातातली ताटली धुतली, पुसली, उपडी ठेवली.

"ठावं हाय. मतदानाला शाळंत आल्तो. कपाटाच्या काचंतनं पिशवी दिसली."

"मग घेऊन जायची होती! रोज मला का विचारत होता?"

"मास्तरला डावलून लाईन चालत न्हाई, सर." मामा हात पुसत म्हणाले, "लाल सिग्नल पडला म्हंजी डायवर काय करतोय? उतरून मास्तरला मारतोय व्हय? गाडी उभी करतोय आन् शिट्टी मारतोय. मी शिट्टी मारत हुतो."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याच ओट्यावर बसून मॅडमना पत्र लिहिलं. नोंदी होत्या, मी लपवल्या. यंत्राभोवती पाणी मारलं होतं. गुऱ्हाळात टायर जळतात. मामांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'लपवल्या' खोडा. 'लेट झाल्या' लिवा. तुमची नोकरी हाय, पोरंबाळं हायती. लेट तर काय, सगळ्याच गाड्या व्हत्यात."

"राहू द्या, मामा," मी म्हणालो आणि तो शब्द तसाच ठेवला.

मग खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी सोमवार वाचला, मंगळवार वाचला. पुढच्या तीन कोऱ्या दिवसांवरून त्यांनी बोट फिरवलं, ते उजेडात धरून बघितलं. मी लाल वही उघडून धरली, त्यांनी कार्ड डकवलं. वर बांबूवर झेंडी अजून लालच होती.