मिक्सर बंद करा, सूर्य बोलून राह्यला

६ मे. कुरडयांचा गहू वाटायचा होता. तीन दिवस भिजवलेला, अजून थांबला तर वाया जाणार अशा बेताला आलेला. पहिलं भांडं मिक्सरला लावलं आणि भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी! मिक्सर बंद करा! सूर्य बोलून राह्यला!"

हे आमचे शेजारी, मधुभाऊ. खामगावात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांचे रेडिओ संपले, दुकान संपलं, मधुभाऊंचे रेडिओ मात्र संपले नाहीत. गच्चीवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, खाली छत्री, छत्रीखाली खुर्ची आणि स्टुलावर एकावर एक ठेवलेले दोन जुने रेडिओ, वरचा वरच्या फ्रिक्वेन्सीला लावलेला, खालचा खालच्या. त्यांवर गाणी लागत नाहीत, बातम्या लागत नाहीत. नुसती खरखर. त्या खरखरीत मधुभाऊंना सूर्य ऐकू येतो.

पहिल्यांदा मला वाटलं, ऊन लागलं. आमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर बसणाऱ्याबद्दल दुसरं काय वाटणार? पण एकदा त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला. खरखर चालली होती, ती मध्येच लाटेसारखी फुगली आणि ओसरली.

"हे चिल्लर," मधुभाऊ म्हणाले. "दोन्ही रेडिओत एकदमच येते अन् जाते. सूर्यावरून इलेक्ट्रॉन सुटले, बस. खरा आवाज वेगळा. तो आधी वरच्या रेडिओत येते, मिनिटभरानं खालच्यात. असा हळू उतरत आला, का समजा सूर्यावर मोठा धक्का बसला. मग त्याच्यामागून कण येतात. जबरदस्त वेगाचे. कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांनी."

"दरवेळी येतात?"

"नाही. पुष्कळदा येतच नाहीत."

मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला.

मिक्सर, पाण्याची मोटर, स्वस्तातले एलईडी दिवे हे त्यांच्या लेखी गुन्हेगार. त्यांच्यामुळे खरखर वाढते आणि सूर्य दबतो. कोणी मोटर लावली की मधुभाऊ गच्चीवरून नावानिशी पुकारा करतात. लाईट गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांचा उद्धार करते, एकटे हे खुलतात. "वा! आता कसं साफ ऐकू येऊन राह्यलं!" लोडशेडिंग आवडणाऱ्या माणसाच्या शेजारी राहून बघा, मग मला चिडकी म्हणा.

त्या दिवशी मी हाकेकडे लक्ष दिलं नाही. दुसरं भांडंही वाटलं. तिसरी हाक आली तेव्हा मिक्सर बंद केला, पदराला हात पुसले आणि तरातरा त्यांची गच्ची गाठली.

"मधुभाऊ, ते कण आपल्या डोक्यावर पडतात का?"

"नाही. आपल्यावर हवेचं जाड पांघरूण हाय. आपल्याले काई नाही होत."

"मग काऊन माझा जीव खाऊन राह्यले? गहू आंबला तिकडे!"

त्यांनी वही पुढे केली. रोजची वेळ, रोजचा आवाज. काही दिवसांपुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'स्वातीचं विमान'. आजच्या दिवसापुढेही होतं.

स्वाती त्यांची एकुलती मुलगी. विमानात नोकरीला, महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक तेवढं बापाला पाठवते. आई गेल्यापासून घरी वर्षातून एकदा येते.

"अमेरिकेचं विमान उत्तर ध्रुवाजवळून जाते," मधुभाऊ म्हणाले. "तिथं पृथ्वीचं चुंबक त्या कणाईले अडवत नाही. अन् तेवढ्या उंचीवर हवाही पातळ. आता वरच्या रेडिओत आवाज आला होता. खालच्यात येते का पाहून राह्यलो, तर तुमचा मिक्सर."

मी जरा नरमले, पण जराच. "आला असता, तर तुम्ही विमान वळवलं असतं?"

"छे! कंपनीले सारं कळते. ते रस्ता बदलतात, खालून उडवतात. मले कोण इचारते?"

"मग हा खटाटोप कशाले?"

"अवो, पंधरा-सोळा तास पोरगी वर हाय. तोवर मी काय करू? कुरडया घालू?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"उतरल्यावर फोन करते?" मी विचारलं.

"तिचं रोजचं काम हाय ते. रोज काय कळवायचं?" असं म्हणून ते रेडिओचं बटण उगाच इकडेतिकडे फिरवत बसले.

उरलेला गहू मी पाट्यावर वाटला. खांदे भरून आले, दोन तास गेले, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिकासाठी आधण ठेवायच्या आधी, स्वातीला निरोप टाकला. तिचा नंबर माझ्याकडे होता, वापरायची वेळ आली नव्हती. लिहिलं, 'शेजारची काकू. विमान उतरलं की बाबाले "उतरली" एवढं लिहीत जाय. बाकी काही नको. त्याईले तेवढं पुरते.'