‘छान’च्या आधीची जागा

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीमागे एक बाई वर्षानुवर्षं माइकसमोर बसून गाड्या पुकारत होती. सगळं गाव तिला फलाटबाई म्हणायचं. तिचा आवाज घुमला की माणसं अर्धा चहा टाकून उठायची, झोपलेली पोरं काखोटीला मारायची आणि सामान ओढत धावत सुटायची. गाडी आपली नव्हतीच, हे त्यांना धाप लागल्यावर कळायचं.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने नेमकं हेच हेरलं.

"बाई, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणून आम्ही बायकांना मोबाइलवर मेसेज पाठवतो. कोणी वाचत नाही. आता रेकॉर्ड केलेला फोन करायचाय. तुम्ही बोललात की लोक जागचे उठतात. तेव्हा तुम्हीच बोला."

"मी काय डॉक्टर आहे?"

"गाडी तरी कुठे तुम्ही चालवता?"

सुट्टीच्या दिवशी फलाटबाई केंद्रावर गेली. सिस्टरने आधी तिचीच तपासणी उरकून घेतली. "आता खोटं बोललात असं तरी कोणी म्हणणार नाही," ती म्हणाली. मग पंखा बंद केला, खिडकी लावली आणि मोबाइल तोंडासमोर धरला.

"इकडे लक्ष द्या," फलाटबाईने सुरुवात केली. "तीस वर्षांवरील महिलांची तपासणी खोली क्रमांक दोनमध्ये लागलेली आहे. महिलांनी त्वरित..."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, तपासणी आहे, गाडी नाही! घरातल्यासारखं बोला. डोळे मिटा. जिला तुम्ही हाताला धरून इथे आणाल, अशी एक बाई समोर आणा."

फलाटबाईने डोळे मिटले आणि समोर आली ती धाकटी जाऊ. फलाटबाई स्वतःवरच चिडली. गावात काय बायकांचा दुष्काळ पडला होता?

दोघी जावा एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होत्या आणि तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एक गाडी. धाकटीची आई दवाखान्यात होती, तिच्या उशाशी बसायला धाकटी निघाली होती. ऐन वेळी गाडीचा फलाट बदलला. फलाटबाईने तो रीतसर पुकारला, पण धाकटी तेव्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत होती. गाडी गेली. आई सुखरूप घरी आली, पण "लेक वेळेवर आली नाही" हे भावजय अजून ऐकवते.

"मी तीन वेळा पुकारलं होतं," फलाटबाई तेव्हा म्हणाली होती.

"पुकारणं वेगळं, सांगणं वेगळं," धाकटी म्हणाली होती. "माझा नंबर होता तुमच्याकडे."

तेवढ्यावर अबोला बसला आणि चांगला मांडी ठोकून बसला.

"आली का कोणी डोळ्यांसमोर?" सिस्टरने विचारलं.

"आली," असं म्हणून फलाटबाई बोलली, ते बसस्थानकावर कधी कोणी ऐकलं नव्हतं अशा आवाजात. "कशी आहेस गं? बरी आहेस ना?"

"थांबा. विचारल्यावर जरा जागा सोडा. खरं वाटतं."

फलाटबाईने जागा सोडली. मग म्हणाली, "छान. हे बघ, एक काम सांगते. केंद्रावर ये आणि तपासणी करून घे. दहा मिनिटांचं काम आहे. वेळेवर कळलं तर पुढचं सगळं टळतं. येणार असशील तर एक दाब."

सिस्टरचे डोळे पाणावले. फोन सुटायला लागले.

आणि ते खरं वाटलं. घोळ झाला तो तिथेच.

पिठाच्या गिरणीवालीने फोन उचलला. ओळखीचा आवाज "बरी आहेस ना?" म्हणून विचारतोय आणि पुढे थांबतोय, म्हटल्यावर ती म्हणाली, "कसली बरी! पट्टा तुटलाय सकाळी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"छान," फलाटबाई म्हणाली. "हे बघ, एक काम सांगते."

बेकरीवालीचे सासरे आदल्या दिवशीच वारले होते. तिने हुंदका देत ते सांगितलं. त्यावरही फलाटबाईचं उत्तर "छान" हेच होतं. निवृत्त मुख्याध्यापिकेने तर "मला अगं-तुगं करणारी तू कोण?" असा सवाल केला. त्यालाही "छान" म्हणून फलाटबाईने त्यांना एक काम सांगितलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तो चप्पल न काढताच उभा राहिला. "गिरणीवाली भेटली होती. तिचा पट्टा तुटल्याचा तुला एवढा कसला आनंद झाला?"

"मी कधी बोलले तिच्याशी?"

"तेच म्हणते ती. तू म्हणे बोलतेस, ऐकत नाहीस, आणि मधेच फोन आपटतेस."

दुसऱ्या दिवशी बायका तणतणत केंद्रावर गेल्या. यंत्रावर राग काढता येत नाही, म्हणून त्या सिस्टरवर काढायला आल्या होत्या. सिस्टर पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चुकलंच हो त्यांचं. पण आलाच आहात तर दहा मिनिटं आत चला." भांडायला आलेल्या बायका तपासणी करून परत जाऊ लागल्या. केंद्रावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. वरच्या साहेबांनी फोन करून बजावलं, मधली जागा अजिबात काढू नका.

इकडे बसस्थानकावर फलाटबाईने गाडी पुकारली की ड्रायव्हर लोक स्पीकरकडे मान करून एका सुरात ओरडायचे, "छाऽऽन!"

शेवटी तिने ठरवलं, दारोदार जाऊन माफी मागायची. कामावरून सुटली की ती एकेक गल्ली घेऊ लागली. "अहो, ते यंत्र होतं. मी आधीच बोलून ठेवलेलं. तुमच्या सासऱ्यांचं मला ठाऊकच नव्हतं." बेकरीवालीने तिला बसवून घेतलं. गिरणीवाली हसून हसून पिठात बसली. मुख्याध्यापिकांनी मात्र एकेरी संबोधनावर तिला वेगळं ऐकवलं.

सर्वांत शेवटी तिचा स्वतःचा मजला आला. डावीकडची दोन दारं झाली. समोरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत धाकटी फडकं हातात धरून उभी होती. नजरानजर झाली. फलाटबाईच्या तोंडात तीच सगळीकडे सांगून गुळगुळीत झालेली वाक्यं तयार होती.

‘तिने कसला उचललाय माझा फोन!’ असं मनाशी म्हणून तिने स्वतःच्या घराची कडी वाजवली.

त्यानंतर एक बारीकसा फरक पडला. अबोला असला तरी पाऊस आला की धाकटी सामाईक दोरीवरचे फलाटबाईचे कपडे काढून, घडी घालून दाराच्या मुठीला पिशवीत अडकवायची. ते बंद झालं. टॉवेल भिजू लागले.

"बघितलंत? किती मनात ठेवते ती!" फलाटबाई नवऱ्याला म्हणाली.

"मग विचार की तिला, काय झालं ते."

"मी का विचारू?"

नवऱ्याने टॉवेल पिळला आणि विषय सोडून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात दाराशी धाकटा दीर आला. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यातच उभा राहिला. "वहिनी, हिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय. बरेच महिने अंगावरून जात होतं, बोलली नाही. काल चक्कर आली. सिस्टरने तपासलं आणि लगेच चिठ्ठी दिली. बरोबर बाईमाणूस असलं तर..."

फलाटबाईने पर्स उचलली आणि निघाली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. वर्षभरापूर्वी कळलं असतं तर तिथल्या तिथे उपचार करून घरी पाठवलं असतं. आता मोठं ऑपरेशन, नंतर किरणांचे शेक, आणि मग बघू. त्या "बघू"नंतर डॉक्टरांनीही थोडी जागा सोडली.

दीर कागदपत्रांच्या खिडकीपाशी गेला. बाकावर दोघी उरल्या. भिंतीवरचा स्पीकर नावं पुकारत होता. आवाज घोगरा होता, एक शब्द धड कळत नव्हता. फलाटबाईच्या मनात सवयीने आलं, माइक तोंडाच्या फार जवळ धरलाय.

"फोन आला होता तुमचा," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली.

"तो... ते यंत्र होतं गं."

"नंतर कळलं. तेव्हा कुठे माहीत होतं? तीन वर्षांनी तुमचा आवाज. कशी आहेस, बरी आहेस ना. मला रडूच आलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं तुम्हाला. अंगावरून जातंय, भीती वाटते म्हटलं."

"मग?" असं विचारलं खरं, पण पुढचं फलाटबाईला पाठ होतं.

"छान म्हणालात."

स्पीकरवर कोणाचं तरी नाव गेलं. कोणीच उठलं नाही.

"यंत्र आहे म्हणून कळल्यावर राग गेला होता माझा," धाकटी म्हणाली. "बेकरीवालीकडे जाऊन आलात, गिरणीत जाऊन आलात. म्हटलं, आता इकडे येतील, तेव्हा परत सांगू. दार उघडं ठेवून उभी होते. तुम्ही बघितलंत आणि कडी वाजवलीत. मग ठरवलं, या बाईच्या सांगण्यावरून तर मुळीच जायचं नाही." ती किंचित हसली. "मूर्खपणाच."

तो आवाज आपण तुलाच डोळ्यांसमोर आणून काढला होता, हे फलाटबाईच्या जिभेवर आलं. पण एवढ्या उशिरा ते सांगणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाट सांगणं. तिने ते गिळलं. ती सरकून जवळ बसली.

"कशी आहेस गं?" तिने विचारलं.

या वेळी जागा किती सोडायची ते तिच्या हातात नव्हतं. समोरून एक स्ट्रेचर गेलं. चहावाला येऊन, दोघींकडे बघून, न विचारताच पुढे गेला.

"छान," बऱ्याच वेळाने धाकटी म्हणाली. हुबेहूब तोच सूर. "हे बघ, एक काम सांगते."

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने थोरल्या जावेला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं.

"सांग ना."

"हा मेला काय पुकारतो, मला काही कळत नाही. माझं नाव आलं की हलवून सांग."

फलाटबाईने तिचं मनगट धरलं आणि कान स्पीकरला लावला. मधे एकदा तिला स्वच्छतागृहात जावंसं वाटलं. पण ती उठली नाही.