शाकाहारी भाडेकरू पाहिजेत

एका जंगलात, मुलांनो, एक खार होती, जिला झोप येत नसे. तिचं नाव शाल्मली. ती शिकलेली होती, त्यामुळे तिला काळज्या जास्त होत्या. उद्या ससाण्याने आपल्याला उचललं तर आपल्या बोंडूचं काय, ही त्यातली मुख्य. बोंडू म्हणजे तिचं पिल्लू. तो मात्र शेपटी पांघरून छान झोपायचा.

शेवटी ती सल्ला घ्यायला कासवाकडे गेली. कासव जंगलात घरांबद्दल व्याख्यानं देत असे. स्वतः तो कधी भाड्याने राहिला नव्हता आणि त्याने कधी कोणाला ठेवलंही नव्हतं. पाठीवरच्या घरात दुसऱ्याला जागा नव्हती.

"बिया साठवून काय होतं?" कासव म्हणाला. "कुजतात. चार ढोल्यांचं झाड घ्या. एका ढोलीत तुम्ही राहा, तीन भाड्याने द्या. तुम्ही झोपलेल्या असाल तेव्हाही भाडं येत राहील."

झोपेचा उल्लेख ऐकून शाल्मली विरघळली. तीन वर्षं साठवलेल्या सगळ्या बिया देऊन तिने धनेश पक्ष्याकडून एक जुना बेहडा विकत घेतला. झाडाला बरोब्बर चार ढोल्या होत्या. आता घरात एक बी शिल्लक नव्हती, पण झाड होतं.

मग तिने खोडाला पाटी लावली : 'फक्त शाकाहारी कुटुंबास. आवाज चालणार नाही. भिंतीला खिळे ठोकता येणार नाहीत.'

आधी घुबड आलं. एकटं होतं, आणि पहाटे घरी येतो म्हणालं. शाल्मलीने त्याला पुढचं काही विचारलंच नाही.

मग सुतार पक्षी आला.

"खाता काय?" शाल्मलीने विचारलं.

"किडे," सुतार म्हणाला. "तुमच्याच झाडातले खाईन. बाहेरून काही आणणार नाही."

"आमच्या घरात लहान मूल आहे हो."

"मग तर बरंच की."

"आणि तुम्ही ठोकता म्हणे."

"ठोकतो. पण खिळे नाही, ताई. चोच."

शाल्मलीने पाटीकडे बोट दाखवलं. सुतार गेला.

तिसऱ्या दिवशी वाळवी आली. नम्र होती, हळू बोलत होती, डोक्यावरून पदर घ्यावा तशी मातीच्या आडोशाने आली.

"किती जण आहात?"

"मोजलं नाही, ताई. पण सगळे घरचेच."

"खाणं?"

"शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा नाही. लाकूडफाटा काय मिळेल तो."

"पाहुणे?"

"आम्ही बाहेरच पडत नाही, तर पाहुणे कुठून येणार?"

शाल्मलीला भरून आलं. तिने तिन्ही ढोल्या वाळवीला दिल्या. रीतसर अकरा महिन्यांचा करार झाला. डिपॉझिटही आलं.

आणि खरं सांगायचं तर इतके चांगले भाडेकरू जंगलात कोणाला मिळाले नव्हते. दर पौर्णिमेला भाडं दारात हजर. भांडण नाही, गाणं नाही. भिंतीपलीकडून फक्त बारीक कुरकुर यायची. "जेवतायत," शाल्मली बोंडूला सांगायची, "बघ, पानात काही टाकत नाहीत." कित्येक वर्षांनी तिला झोप लागू लागली.

पाचव्या महिन्यात वरून भुसा पडायला लागला.

"काकू, भुसा पडतोय," ती संकोचत म्हणाली.

"जेवताना थोडं सांडतं, ताई. पोरं लहान आहेत."

हे तिला पटलं. बोंडूही सांडायचा.

आठव्या महिन्यात सुतार पक्षी जाता जाता थांबला. त्याने खोडावर एकदाच टकटक केली आणि कान लावला.

"ताई, पोकळ वाजतंय."

"ढोल्यांचं झाड आहे," शाल्मली म्हणाली. "पोकळ आहे म्हणून तर घेतलं."

दहाव्या महिन्यात वाळवी स्वतःहून भेटायला आली. "करारात लिहिल्याप्रमाणे महिनाभर आधी सांगतेय," ती म्हणाली. "आम्ही जागा सोडतोय."

शाल्मली घाईने पुढे झाली. "का हो? आमच्याकडून काही कमी पडलं का?"

"तसं नाही. पण झाड संपत आलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला. फार मोठा नव्हता. बेहडा आधी वाकला, मग करकरला. शाल्मलीने बोंडूला मानेला धरून उडी मारली. तिचे पाय जमिनीला लागले आणि मागे झाड आडवं झालं, सावकाश, भाडेकरूंना त्रास होणार नाही अशा बेताने.

शाल्मलीने रीतसर पाहणी केली. भिंतीला एकही खिळा ठोकलेला नव्हता. भिंतही नव्हती, पण करारात भिंतीबद्दल काही म्हटलं नव्हतं. डिपॉझिट पूर्ण परत द्यावं लागलं.

कासवाने सांत्वन केलं. "जागा मोक्याची आहे," तो म्हणाला.

तात्पर्य : भाडेकरू नेहमी शाकाहारी, शांत आणि वेळेवर भाडं देणारा असावा. मग झाड पडलं तरी निवड आपली चुकली नव्हती, एवढं समाधान राहतं.

हेच तात्पर्य शाल्मलीने आडव्या खोडावर बसून बोंडूला जरा सोपं करून सांगितलं. त्याने शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

"आई," तो म्हणाला, "वाळवीकाकूंनी समोरचं मोहाचं झाड घेतलंय. त्याला अजून ढोल्या नाहीत, पण त्या म्हणाल्या, पावसाळ्यापर्यंत होतील. आपण आत्ताच नाव नोंदवून ठेवूया का?"