आत्यासाहेबांचा काढा आणि महाराजांचे यकृत

श्री. सर्व देहधारियांस निरोगी राखणाऱ्या जगदंबेचे चरणी मस्तक ठेवून वृत्त लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढमासी महाराज रायाजीराव उत्तरेकडील थंड मुलुखी व्याह्यांचे भेटीस गेले आणि तेथील रानात हिंडता गुडघ्यामागे बारीक गोचीड डसली, ते कोणास कळले नाही. स्वारी परतली आणि डसल्या जागी तांबडे कडे उमटले, ज्वर आला, सांधे धरले. मग राजवैद्या अंबूताई सबनीस यांणी कडे पाहोन ओळखिले, "हा गोचीड डसोन होणारा लाईम रोग. गोळ्या देते, बरे व्हाल." आणि रक्त तपासिले तो यकृताची एन्झाइमे किंचित चढलेली. बाई बोलिल्या, "या रोगात ऐसे होते. मद्य बंद, अन्न साधे, पुन्हा तपासू."

हे वर्तमान राजगृही फुटले आणि महाराजांस आईमाघारी ज्यांणी वाढविले त्या आत्या गोदूबाईसाहेब यांणी यकृतशुद्धीचा कडू काढा स्वहस्ते उकळोन आणिला. महाराज तोफेपुढे न डगमगणारे, परंतु आत्यांपुढे निमूट वाटी रिकामी केली, आणि मग नित्यच करू लागले. दुसरे तपासणीत आकडे तिप्पट जाहले आणि डोळ्यांस पिवळी झाक आली. अंबूताई घोर चिंतेत पडल्या. गोळ्या थांबवाव्या तर रोग सांध्यांत घर करील, चालवाव्या तर यकृत खचेल. मग पुसिले, "महाराज, खरे सांगावे. आणखी काय पोटात जाते?"

महाराज खाली पाहोन बोलिले, "आत्यांचा काढा."

"आणि मजला सांगितले नाही?"

"बंद केला तर त्यांस वाईट वाटेल."

"आणि यकृतास वाटले त्याचे काय?"

मग महाराज काठी टेकीत स्वतः आत्यांचे महाली गेले आणि वाटी पुढे आली ती हाताने सारोन बोलिले, "आत्या, काढा आता नको. त्यानेच बिघडले." आत्यासाहेबांचे डोळे भरले. "मग मी तुझ्यासाठी करू तरी काय, राया?"

"मऊ भात करा. आणि जवळ बसा."

आत्यांणी पदराने डोळे पुसले आणि तांदूळ धुण्यास घेतले. काढा बंद जाहला, अंबूताईंणी गोळ्या बदलोन पुऱ्या केल्या, आकडे उतरले, सांधे मोकळे जाहले आणि दसऱ्यास महाराज घोड्यावर बसले. मागे आत्यांची पालखी होती आणि त्या भोयांस दटावीत होत्या, "हळू चाला रे, रायास अजून दम लागतो."

येणेप्रमाणे यकृत सावरले. महाराजांणी मोहिमा पुष्कळ केल्या, परंतु ही फार जड गेली. कारण समोर शत्रू नव्हता, आत्या होती.