जाडा आवाज, बारीक आवाज

आमच्या शेजारचे तुळशीरामकाका हल्ली माणसांचेही आवाज तपासतात. कोणी रामराम घातला की मान तिरकी करून ऐकतात आणि निकाल देतात, "जाडा हाय. लोखंड हाय. सोड." मग समोर सरपंच असो की साडू, पुढं बोलणं नाही.

ही सवय त्यांना मशीननं लावली. पार्सलनं आलेलं मशीन: लांब दांडी, खाली थाळीसारखं चाक, कानाला लावायचे बोंडे. जमिनीत धातू असला की ओरडतं. साठी उलटलेला माणूस असलं मशीन कशाला आणेल? गावानं एका चहात ठरवून टाकलं, गुप्तधन!

संशयाला जागाही होती. काकांच्या शेताचा रस्त्याकडचा तुकडा जुन्या बैलबाजाराला लागून. तो त्यांनी कधी पेरलाच नाही. चांगली काळी जमीन माणूस उगाच पडीक ठेवतो का? आता रस्ता रुंद होणार, तुकडा त्यात जाणार. जेसीबी यायच्या आत काकांना तिथून काहीतरी काढायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. काय काढायचं, ते मात्र सांगत नव्हते.

पण जमीन बेइमान. बाजाराच्या दिवशी नालबंद तिथंच बैल पाडून नाल ठोकायचे. पाऊल ठेवाल तिथं खिळा, नालेचा तुकडा. मशीन सारखं बोंबलायचं, काका खणायचे, गंजकं लोखंड निघायचं. पुढं तर ते घरच्या फरशीवरही बोंबलायला लागलं. काकांनी फरशी उखडायला टिकास आणलं, तेव्हा काकू चुलीपासून म्हणाल्या, "अवो, तुमच्या चपलेले खिळे हायेत."

तेव्हापासून काका अनवाणी जायला लागले. तपासून झालेल्या जागेवर चुन्याचा ठिपका द्यायला लागले. भल्या पहाटे अनवाणी माणूस आणि जमिनीवर पांढरे ठिपके! चहावाला गजानन म्हणाला, "पूजा मांडली बे त्यानं! आता फक्त पायाळू माणूस पाह्यजे." आणि सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. जमिनीतलं धन पायाळूला दिसतं म्हणतात. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी असलं काही मानत नाही, आणि तसं मी तिथं जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं.

संध्याकाळी काका दारात.

"काय बे बी.ए., तू पायाळू हायेस ना?"

"हाव. काऊन?"

"सकाळी ये वावरात. कान कसे हायेत तुये?"

पायाळू कळलं. कान कशाला? आई म्हणाली, "जाऊ नको बाप्पा, बळी देतीन." मी गेलो, पण पोलीस पाटलाचा नंबर मोबाइलवर काढून ठेवूनच.

तुकड्यात पोचलो तर काका सरळ पालथे झोपले. "लाव पाय. वाकून वाकून कंबरेत उसण भरली."

पायाळूचा पाय लागला की उसण उतरते म्हणतात, त्यासाठी बोलावलं होतं! मी पाय लावला. काका मातीत तोंड ठेवूनच बोलत राहिले. "मले आता बारीक आवाज आयकूच येत नाही. जाडा येते, तो लोखंडाचा. चांदीचा बारीक असते म्हंते."

चांदी! मी पाय काढला. "काका, जमिनीतलं धन सरकारजमा होते. कायदा हाय."

"सरकारले काय करायचे रे, बिनबारशाच्या पोरीचे वाळे?"

मी खाली मातीत बसलो.

काका उठून बसले. पहिली मुलगी, बारशाआधीच गेली. पुढं मूल झालं नाही. बारशासाठी घडवलेले वाळे पायांत घालूनच त्यांनी तिला इथं पुरलं. खुणेला बोर होती, ती वादळात गेली, आणि जागा हरवली. "तुई काकू या तुकड्यात कधीच आली नाही. पाय कुठी पडंल, तिले भेव वाटते. मंग पेरतो कसा? आन् आता जेसीबी येऊन राह्यला."

मी बोंडे कानाला लावले. काका दांडी विळ्यासारखी झपाझप फिरवायला लागले. "हळू, काका." आडवं फिरवलं की घरघर, नुसतं लोखंड. मी बाजू बदलून उभं फिरवायला सांगितलं. बांधाजवळ एका ठिकाणी त्या घरघरीच्या आडून काहीतरी किणकिणलं. मी पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा तेच.

"काका, बारीक."

"खोटं नको बोलू."

"आईशप्पथ. बारीक हाय."

काकांनी मशीन बाजूला ठेवलं. मी टिकास उचललं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. अगुदर काकूले घेऊन ये. तवा मी एकटाच आलो व्हतो."