बाटली जहागिरीची, बूच गावाचं

महाराजांच्या राज्यात रयतेच्या आजारपणाचा भार कुणा एकट्यावर पडू नये, म्हणून तो तिघांत रीतसर वाटून दिला होता : औषध दरबारचं, बाटली जहागिरीची आणि बूच गावाचं. ताप तेवढा रोग्याचा.

कळंब्यापलीकडल्या एका गावात झुंबरबाईचा पिराजी तीन दिवस हिवतापानं थडथडत होता. बाई तांब्या घेऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात गेली. कंपाउंडर केरबा म्हणाला, "आक्का, कोयनेल तयार हाय. बाटली?"

"तांब्यात वत की."

"दरबारचं औषध तांब्यात वतलं तर जहागिरीचा हक्क बुडतो. न्हाय जमायचं."

बाईनं जहागिरीची कचेरी गाठली. तिथं कपाटभर बाटल्या. कारभारी हंबीरराव म्हणाले, "देतो की. पण बिनबुचाच्या बाटलीतनं औषध सांडलं तर जबाबदार कोण? आधी बूच आणा."

गावात पाटील आकाराम बुचांच्या टोपलीवर हात ठेवून म्हणाला, "काकी, बाटलीचं तोंड बघितल्याबिगर बूच कसं द्यायचं? बाटली दाव."

"त्यो म्हनतोय बूच दाव, तू म्हनतोस बाटली दाव! तुमची सोयरीक जुळवाय मी मध्यस्थ हाय व्हय रं? तवर माझं पोरगं जाईल की!"

ती तशीच दवाखान्यात परतली. केरबानं नियम दोनदा चाळले. तांब्या, लोटा, वाटी, करवंटी, सगळ्यांना मनाई होती. तोंडाचा उल्लेख नव्हता.

"मग वत," म्हणून झुंबरबाईनं आ वासला.

कडूजहर कोयनेल गालांत धरून ती दोन कोस चालली. जन्मात एवढा वेळ तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

चावडीपुढं गाव गोळा झालं होतं. औषधाची व्यवस्था तपासायला हंबीरराव जातीनं आले होते. "कुणाची काही तक्रार?" बूच न मिळालेले चौघे पुढंच उभे होते, ते पाटलाच्या पायांकडं बघत राहिले. हंबीररावांना बाई दिसली. "काय बाई, तुमची जीभ तर कातरीसारखी. बोला की!"

बोलावं तर पिराजीचं औषध मातीत. बाईचे डोळे लाल झाले. तिनं मूठ तेवढी वर उगारली.

कारकुनानं लिहिलं : "रयतेनं हात वर करून समाधान व्यक्त केलं."

घरी येऊन बाईनं औषध वाटीत सोडलं, पिराजीला पाजलं आणि मग जे तोंड सोडलं ते शिवेपल्याड ऐकू गेलं. पण तोवर दप्तर बांधून झालं होतं.

झुंबरबाईच्या तोंडात कोयनेल होतं. बाकीच्यांच्या तोंडात काय होतं, ते मला कशाला विचारता? परवा कचेरीत मान डोलावून तुम्हीच आलात की.